हिशेब पांढऱ्या पाण्याचा

बदनापूर तालुक्यात सोमठाण्याजवळ दुधना नदीवर धरण आहे. अप्पर दुधना प्रकल्प हे त्याचं सरकारी नाव. पावसाळ्यात त्याचा सांडवा वाहू लागला की पंचक्रोशीत बातमी फिरते, माणसं मुद्दाम बघायला जातात. ज्या वर्षी सांडवा कोरडा राहतो, त्या वर्षी दिवाळीचे दिवे विझायच्या आत टँकरची बोलणी सुरू होतात. ही दुधना पुढे परभणी जिल्ह्यात पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या पुढे समुद्राला. जालना शहर जिच्या काठी वसलंय ती कुंडलिका दुधनेचीच उपनदी. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याने पाण्यासाठी काय काय सोसलं, ते या भागात कोणाला सांगावं लागत नाही.

अशा तालुक्यात बसून हिमालयातल्या खवळलेल्या नदीत वल्ही मारायचा बेत आखता येतो का? माझं उत्तर ठाम होकारार्थी आहे. मराठवाड्यातला माणूस पाण्याचे आकडे जसे वाचतो, तसे फार थोड्या ठिकाणचे लोक वाचत असतील. जायकवाडीत आवक किती क्युसेक, साठा किती टक्के, वरच्या धरणांतून विसर्ग किती, यावर आपल्याकडे पारावर चर्चा होते, कोर्टात दावे चालतात, रब्बीचं पीक ठरतं. रानटी नदीवरच्या प्रवासाचं नियोजन म्हणजे मुळात हेच: पाणी किती, कधी, कुठून येणार आणि आलं तर आपण कुठे असणार. ही अर्धी विद्या आपल्या अंगात आहे. उरलेली अर्धी पाण्यात उतरून शिकायची असते, आणि तिथे मात्र आपण फार मागे आहोत.

नमुन्यादाखल एक नदी घेऊ: लडाखमधली झांस्कर. भारतातल्या नदीप्रवासांत तिचं नाव वर घेतलं जातं. पदुमच्या आसपास नावा पाण्यात घालायच्या आणि पाच-सहा दिवसांनी निम्मूला, सिंधूच्या संगमावर, बाहेर पडायचं. मधला मोठा पट्टा उभ्या कातळाच्या घळईतून जातो. बदनापूरहून या नदीपर्यंत पोचायला काय काय लागतं, ते एकेक करून बघू.

आकडा आधी, नाव मागून

नदीच्या अवघडपणाची एक आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे, एक ते सहा. पहिल्या श्रेणीत पाणी नुसतं वाहतं. दुसरीत लहान लाटा असतात, वाट सरळ दिसते. तिसरीत लाटा वेड्यावाकड्या होतात आणि नाव वळवता आली नाही तर ती उलटू शकते. चौथीत पाण्याचा जोर मोठा, वाट अरुंद, आणि काठावर उतरून पाहणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये असा दंडक. पाचवी मुरलेल्या लोकांसाठी. सहावी म्हणजे जिथे जीव वाचण्याची खात्री कोणीच देत नाही. झांस्करचा बहुतेक पट्टा तिसऱ्या श्रेणीचा, काही जागा चौथीच्या.

पण ही श्रेणी कायमची नसते. पाणी वाढलं की काही ठिकाणचे खडक बुडून वाट सोपी होते, तर काही ठिकाणी तिसरीची चौथी आणि चौथीची पाचवी होते. म्हणून जाणकार नदीचं नाव विचारायच्या आधी विचारतात, ‘पाणी किती आहे?’ एका क्युसेकमध्ये सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी वाहतं. साडेअकरा हजार क्युसेकने दिवसभर सोडलेलं पाणी म्हणजे जवळपास एक टीएमसी. हे गणित आपल्याकडे शेतकऱ्यांना पाठ असतं, कारण ते कालव्याच्या आवर्तनाशी जोडलेलं आहे. नदीत उतरणाऱ्याने त्यात आणखी एक गोष्ट घालायची: प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाणी माणसाला उभं राहू देत नाही, ते यामुळेच.

आकड्याकडे बघून काळ निवडणं किती मोलाचं असतं, हे त्सांगपोच्या उदाहरणातून कळतं. ब्रह्मपुत्रेचंच तिबेटमधलं हे नाव. नामचा बरवा शिखराला वळसा घालताना ती जगातल्या अतिखोल घळयांपैकी एकीतून जाते. १९९८च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी कयाकपटूंचं एक पथक तिथे उतरलं. त्या वर्षी पावसाळा जोराचा झाला होता आणि नदी अपेक्षेपेक्षा खूप फुगलेली होती. त्या पथकातला डग गॉर्डन हा अनुभवी कयाकपटू प्रवाहात वाहून गेला. २००२च्या सुरुवातीला स्कॉट लिंडग्रेनच्या नेतृत्वाखाली दुसरं पथक गेलं, ते ऐन हिवाळ्यात, पाणी सर्वांत कमी असताना. वरची घळई त्यांनी पार केली आणि जिथे धबधबे होते तो टप्पा नावा पाठीवर घेऊन डोंगर चढून टाळला. नदी तीच, दोन्ही पथकं कसलेली. दुसऱ्या पथकाने महिना वेगळा निवडला आणि कुठे पाण्यात उतरायचं नाही हे आधीच ठरवलं.

झांस्करचा महिना बर्फ ठरवतं. पेन्सी ला खिंडीजवळच्या द्रांग-द्रुंग हिमनदीतून निघणारी दोडा आणि दुसऱ्या बाजूने येणारी त्सारप यांच्या संगमातून झांस्कर बनते. तिचा हंगाम साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. हिवाळ्यात तीच नदी गोठते आणि तिच्यावरून चालत जाणारी ‘चादर’ची वाट सुरू होते. उन्हाळ्यातही दिवसभर पाणी सारखं नसतं. दुपारच्या उन्हाने वितळलेलं बर्फ काही तासांनी खाली पोचतं, म्हणून मुक्कामाची जागा पाण्याच्या कडेला निवडायची नाही. संध्याकाळी काठावर दगड रचून खूण करायची आणि सकाळी ती कुठवर बुडाली ते बघायचं. ही साधी मोजपट्टी एखाद्या यंत्राइतकीच उपयोगी पडते.

आपल्या बाजूची अडचण अशी, की हा सगळा काळ खरिपाचा. कापूस, सोयाबीन, तूर शेतात असताना घरातली जाणती माणसं एकदम बाहेर पडू शकत नाहीत. कोळपणी-खुरपणी आटोपल्यावर, पोळ्याच्या आधी, एखादी फट मिळते तेवढीच. गावाकडच्या गटाने तारखा ठरवताना नदीचं पंचांग आणि शेतीचं पंचांग शेजारी ठेवून बघावं, आणि दोन्ही जुळत नसतील तर बेत पुढच्या वर्षावर टाकावा.

सराव कुठे करायचा

झांस्करला शिकायला जायचं नसतं. तिथे जायचं ते शिकून. बदनापूरकराला सरावासाठी तीन ठिकाणं सोयीची.

पहिलं नर्मदेवरचं महेश्वर. अहिल्यादेवींच्या घाटापासून थोड्या अंतरावर सहस्रधारा आहे. इथे नर्मदा काळ्या कातळाच्या पसरट पट्ट्यावरून असंख्य धारांनी फुटून वाहते. कार्तवीर्य अर्जुनाने हजार हातांनी नदी अडवली, तेव्हा ती त्याच्या बोटांतून निसटली, अशी कथा सांगतात. त्याच धारांमध्ये आज कॅनो स्लॅलमचा खेळ होतो. पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून, प्रवाहाच्या दिशेने आणि उलटही, नाव काढायची अशी ही शर्यत. मध्य प्रदेशात २०२३च्या फेब्रुवारीत झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेतल्या कॅनो स्लॅलमच्या शर्यती इथेच झाल्या. उथळ पाणी, भरपूर खडक, लहान लहान भोवरे: नाव वळवायला शिकण्यासाठी ही उत्तम शाळा आहे.

दुसरं ठिकाण कोकणात, कोलाडजवळची कुंडलिका. आपल्या जालन्याच्या नदीचीच नामसखी, पण तिचं पाणी बाराही महिने धावतं, आणि त्यामागे इतिहास आहे. टाटांनी मुळशीला धरण बांधलं. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरणांविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांत त्याची गणना होते. धरण झालं, गावं बुडाली, आणि १९२७पासून मुळशीचं पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात पडू लागलं. एरवी जे पाणी भीमेकडे, उजनीकडे गेलं असतं, ते वीज करून कोकणात उतरतं आणि कुंडलिकेत येतं. दर मोठ्या दुष्काळात हे पाणी पूर्वेकडे परत वळवा, अशी मागणी उठते. साजे गावाजवळून सकाळी राफ्ट सुटतात तेव्हा त्यांच्याखाली ही सगळी गोष्ट वाहत असते. मराठवाड्यातून तिथे जाणाऱ्याने ती ठाऊक ठेवून जावं, असं मला मनापासून वाटतं.

नियोजनाच्या दृष्टीने कुंडलिका एक मोठा धडा देते. वीजघर चाललं तर पाणी, नाही तर नाही. राफ्टवाले विसर्गाची वेळ बघून माणसं पाण्यात उतरवतात. धरणाखालच्या नदीचा मालक घड्याळ असतो, आणि ज्यांना ते घड्याळ ठाऊक नसतं त्यांच्यावर काय वेळ येते, हे देशाने पाहिलंय. एप्रिल २००५मध्ये मध्य प्रदेशात धाराजीला अमावास्येच्या जत्रेसाठी भाविक नर्मदेत उतरलेले असताना वरच्या धरणातून पाणी आलं आणि साठाहून अधिक माणसं वाहून गेली. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या खडकांवर फोटो काढायला उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा सहलीचा एक माणूस, लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात गेले. नदी तेव्हा शांत दिसत होती. कोणत्याही नदीवर जाण्यापूर्वी वर धरण आहे का, ते कधी पाणी सोडतं आणि भोंगा कुठवर ऐकू येतो, हे तीन प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरं मिळवलीच पाहिजेत.

तिसरं ठिकाण ऋषिकेशच्या वरची गंगा. कौडियाला ते ऋषिकेश हा ३६ किलोमीटरचा पट्टा आहे, आणि त्यात ‘द वॉल’, ‘रोलर कोस्टर’, ‘गोल्फ कोर्स’ अशा नावांच्या लाटा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे राफ्टिंग बंद असतं. दसऱ्यानंतर, रब्बीची पेरणी उरकून, आपल्याकडच्या माणसाला तिथे जाणं जमतं. मोठ्या आकारमानाचं थंड पाणी अंगावर घेण्याची सवय गंगाच लावते.

पाणी वाचायचं कसं

सरावात शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे नजर. पाण्याच्या पृष्ठभागावर खालच्या तळाची सगळी माहिती उमटलेली असते.

दोन खडकांमधून पाणी निघताना गुळगुळीत जीभ तयार होते. तिचं टोक खालच्या दिशेला असेल तर ती वाट. टोक आपल्याकडे, म्हणजे वरच्या दिशेला असेल, तर तिथे पाण्याखाली खडक आहे. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटं फिरून जवळपास थांबतं. त्या शांत जागेत नाव घालून विसावता येतं, पुढचा टप्पा बघता येतो, मागच्यांची वाट पाहता येते. चांगला नावाडी नदी अशा विसाव्यांच्या साखळीने उतरतो. एका विसाव्यातून दुसरा दिसल्याशिवाय तो पुढे सुटत नाही.

धोक्याच्या दोन जागा मराठवाड्यातल्या प्रत्येकाने ओळखाव्यात, मग तो कधी हिमालयात जावो न जावो. पहिली म्हणजे कोल्हापुरी बंधारा. पुरात पाणी बंधाऱ्यावरून सरळ रेषेत पडतं आणि खाली आडवं गोल फिरत राहतं. वरचा थर परत भिंतीकडे ओढतो. त्यात सापडलेला माणूस बाहेर फेकला जात नाही, तिथल्या तिथे फिरतो. वरून बघणाऱ्याला तीन-चार फुटांवरून पडणारं पाणी दिसतं आणि भीती वाटत नाही. जगभरचे बचावकर्मी अशा बुटक्या बांधांना नदीवरच्या सर्वांत घातक जागांमध्ये गणतात. दुसरी जागा म्हणजे पुरात आडवी पडलेली बाभूळ, काटेरी कुंपण, पुलाखाली अडकलेला कचरा. पाणी त्यातून गाळून निघून जातं, माणूस अडकतो. अशा अडथळ्याच्या दिशेने वाहत जाऊ नये, आणि गेलोच तर शेवटच्या क्षणी अंग झोकून त्याच्यावर चढावं.

पाण्यात पडल्यावर करायची गोष्ट अंगवळणीच पडली पाहिजे. उताणं व्हायचं, पाय पृष्ठभागाजवळ आणि प्रवाहाच्या दिशेला, तोंड जिकडे वाहतोय तिकडे. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाय दोन दगडांच्या सापटीत अडकला की पाणी माणसाला पुढे वाकवून डोकं खाली घालतं. काठावरून फेकायच्या दोरीची पिशवी, साधारण वीस मीटर तरंगत्या दोरीची, प्रत्येक नावेत हवी आणि ती अचूक फेकायचा सराव घरच्या मैदानात शेकडो वेळा व्हायला हवा. त्यासाठी नदीही लागत नाही. बदनापूरच्या शाळेचं मैदान पुरतं.

घळईतले दिवस

आता झांस्करचा प्रत्यक्ष आराखडा. जालन्याहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून लेह. बदनापूर समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटरवर आहे, लेह साडेतीन हजारांवर. विमानाने गेलेल्याने पहिले दोन दिवस काहीही करू नये, आणखी एक दिवस राखून ठेवता आला तर फारच बरं. डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं ही विरळ हवेची लक्षणं अंगावर काढायची नसतात. ती वाढली तर खाली उतरणं हाच उपाय. औषध डॉक्टरांना विचारूनच, आणि विचारायचं ते घर सोडण्याआधी.

पदुमजवळ खोरं मोकळं असतं. करशाचा गोम्पा दिसतो, सातू-मटारची शेतं दिसतात, नदी रुंद आणि समंजस असते. झांगला, पिदमो मागे पडले की डोंगर जवळ येतात आणि घळई सुरू होते. नेरकच्या परिसरात नदी काही मीटरांच्या फटीतून जाते. पुढे तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांचं चिलिंग, मग निम्मू. रोज किती अंतर जायचं हे पाणी ठरवेल, पण मुक्कामाच्या जागा आणि पर्यायी जागा नकाशावर आधीच खुणवलेल्या हव्यात.

एके काळी या घळईत शिरलं की बाहेर पडायला नदीच किंवा गावांकडे जाणाऱ्या दोन-चार पायवाटा. आता सीमा रस्ते संघटनेचा निम्मू-पदुम-दारचा रस्ता झालाय. २९८ किलोमीटरच्या या रस्त्याची जोडणी मार्च २०२४मध्ये पूर्ण झाली. झांस्करी माणसाला हिवाळ्यात आजारी आई दवाखान्यात नेता येते, ही थोर गोष्ट आहे आणि तिच्यापुढे प्रवाशांच्या रानटी नदीच्या ओढीला मी दुय्यम मानतो. नियोजनापुरतं बोलायचं तर दोन फरक पडले. अडचणीत बाहेर पडायच्या जागा वाढल्या. आणि डोंगर फोडल्यावर सैल झालेले दगड पात्रात येत राहतात, म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या वर्णनावर विसंबून चालत नाही. त्याच हंगामात नदी उतरलेल्या स्थानिक मार्गदर्शकाचा शब्द प्रमाण मानायचा.

नदी किती बदलू शकते याची नोंद ताजी आहे. २०१४च्या अगदी अखेरीस फुगतालजवळ त्सारपच्या पात्रात दरड कोसळून नदी अडली आणि मागे तलाव साठला. चार महिने सगळ्यांचे डोळे त्याकडे लागले होते. ७ मे २०१५ रोजी तो फुटला आणि खालचे पूल वाहून गेले. त्याआधी ऑगस्ट २०१०मध्ये लेहवर झालेल्या ढगफुटीत दोनशेहून अधिक जीव गेले. म्हणजे ‘लडाखात पाऊस पडत नाही’ या समजुतीवर बेत उभा करायचा नाही. वरच्या खोऱ्यात दरड, तलाव, ढगफुटी यांपैकी काही घडलंय का, हे निघायच्या दिवसापर्यंत विचारत राहायचं.

आणि थंडी. झांस्करचं पाणी वितळलेलं बर्फ आहे. त्यात पडताच पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही. पहिल्या दहाएक मिनिटांत हातापायांची ताकद ओसरते. शरीर आतून गार पडायला त्याहून पुष्कळ वेळ लागतो. म्हणजे माणूस गारठून मरण्याच्या कितीतरी आधी हात चालेनासे होऊन बुडतो. म्हणून अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट आणि हेल्मेट पाण्याजवळ जातानाच चढवायचं, थंडीचा पोशाख आत घालायचा, सुती कपडे टाळायचे, आणि नाव उलटल्यावर कोण कोणाला उचलणार हे प्रत्येकाला ठाऊक असलं पाहिजे.

माणसं, कागद आणि माघार

एकट्या नावेने अशा नदीत जायचं नाही. किमान दोन राफ्ट आणि पुढे-मागे फिरणारे बचावाचे कयाक हवेत. सामान एका नावेत कोंबायचं नाही. अन्न, औषध आणि दुरुस्तीची थैली विभागून ठेवायची, म्हणजे एक नाव गेली तरी सगळं जात नाही. एक-दोन दिवसांचा जास्तीचा शिधा घ्यायचा. ज्वारीच्या भाकरीचा चुरा, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, गूळ-दाणे हे आपलं पिढ्यांचं प्रवासी अन्न इथे कुठल्याही महागड्या पाकिटाला भारी पडतं.

संपर्काची एक अडचण फार जणांना ठाऊक नसते. घळईत मोबाइल चालेल असं धरून चालू नये, आणि उपग्रहावरून चालणारे फोन किंवा संदेशयंत्रं भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. म्हणून घरी एक कागद ठेवून जायचा: कोण कोण गेलंय, कुठल्या दिवशी कुठे असणार, कोणाचा रक्तगट काय, आणि अमुक दिवशी अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कोणत्या कार्यालयात फोन करायचा. हा कागद गटातल्या माणसाकडे नको, मागे राहणाऱ्या जबाबदार माणसाकडे हवा. ज्या संस्थेबरोबर जायचं तिची नोंदणी, मार्गदर्शकांची बचाव आणि प्रथमोपचाराची प्रमाणपत्रं, विमा हे न संकोचता विचारायचं. महाराष्ट्रात २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाने अशा उपक्रमांना नोंदणी आणि सुरक्षिततेचे नियम घालून दिलेत. पैसे भरणाऱ्यानेच ते विचारले नाहीत तर नियम कागदावर राहतात.

सर्वांत कठीण काम शेवटचं: कुठे थांबायचं, हे घरी बसून लिहायचं. पाण्याची खूण अमुक उंचीच्या वर गेली तर त्या दिवशी नाव पाण्यात घालायची नाही. अमुक जागी पाहणी करून एकाचाही जीव धजला नाही तर नाव उचलून काठाने न्यायची. गटातला कोणीही एक माणूस ‘नको’ म्हणाला तर चर्चा नाही. काठावर उभं राहिल्यावर एवढ्या लांब आल्याचा, खर्च केल्याचा, मित्रांसमोर लहान दिसण्याचा दबाव येतो. घरी, डोकं शांत असताना केलेला नियम तिथे उपयोगी पडतो. १९७७ साली सर एडमंड हिलरी जेट बोटी घेऊन गंगासागरापासून गंगा उलट चढत निघाले. नंदप्रयागजवळच्या धबधब्यापाशी नावांचा मार्ग संपला, तेव्हा एव्हरेस्ट सर केलेल्या त्या माणसाने नावा तिथे सोडल्या आणि पायी वाट धरली. त्यांच्या मोठेपणाला त्याने काही उणेपणा आला नाही.

हे सगळं आपल्या कामाचं आहे

कोणी म्हणेल, बदनापूरच्या किती माणसांना झांस्कर परवडणार आहे? प्रश्न रास्त आहे. पण या तयारीतलं जवळजवळ सगळं ज्ञान आपल्या रोजच्या पाण्यालाच लागू पडतं.

आपल्या जिल्ह्यात मोसंबी आणि द्राक्षांनी शेततळी आणली. कडवंचीसारख्या गावाने त्यांच्या जोरावर कोरडवाहू शिवाराचं रूप पालटलं. पण प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्याच्या उतारावर पाय ठरत नाही, आणि घसरलेलं लेकरू, त्याला काढायला उतरलेली आई किंवा बाप, असे दोन-तीन जीव एकदम जाण्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार देशात वर्षाला सुमारे ३८ हजार माणसं बुडून मरतात. त्यांतली बहुतेक कुठल्याही साहसाला निघालेली नसतात. पोहरा काढताना, गुरं धुताना, पूल ओलांडताना, गणपती बुडवताना ती जातात.

गंगापूर तालुक्यात भिव धानोऱ्याची मुलं जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी थर्माकोलच्या तराफ्यावरून ओलांडून शाळेत जातात, हे वृत्तपत्रांतून पुढे आलं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. वल्हं हातात घेण्याची वेळ मराठवाड्याच्या लेकरांवर आलेलीच आहे. ती वेळ लाइफ जॅकेटशिवाय, दोरीशिवाय, शिकवणीशिवाय आली, एवढीच खंत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या तालुक्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने कमी पावसावर तग धरणाऱ्या तुरीचे वाण देशाला दिले, त्या तालुक्याला पाण्याचा हिशेब कसा मांडावा हे नव्याने शिकवायला नको. तोच हिशेब आता पाण्यात उतरणाऱ्या माणसासाठी मांडू या. प्रत्येक शेततळ्याला कुंपण आणि काठावर बांधून आत सोडलेला गाठींचा दोर. प्रत्येक कोल्हापुरी बंधाऱ्यावर पुराच्या दिवसांत धोक्याची पाटी. प्रत्येक शाळेत एक दोरीची पिशवी आणि ती फेकता येणारी दहा मुलं-मुली. दुष्काळाची वर्षं सोडून सोमठाण्याच्या तलावाच्या शांत कडेला, जलसंपदा विभागाच्या परवानगीने आणि प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, हिवाळ्यात पोहण्याचा आणि वल्हवण्याचा वर्ग. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायत, शाळा आणि चार जाणत्या तरुणांनी मनावर घेतलं तर पुढच्या पावसाळ्याआधी सुरुवात होऊ शकते.

त्या वर्गातून एखादी मुलगी पुढे महेश्वरच्या धारांमध्ये शर्यत खेळेल, एखादा मुलगा झांस्करच्या घळईतून निम्मूला उतरेल. तसं झालं तर आनंदच आहे. पण वर्गातल्या बाकीच्या मुलांना काठावर उभं राहून दोर फेकता आला आणि त्यांच्या गावात एक जीव वाचला, तरी झांस्करसाठी मांडलेला हा सगळा हिशेब वसूल झाला, असं मी समजेन.